झाकण उघडायचं नाही

टॉवेलच्या दुकानात एक तरुण टॉवेल गालाला लावून बघत होता. एक लावला, ठेवला. दुसरा लावला, डोळे मिटले... आणि मला हसू आवरेना.

मी टॉवेल घ्यायला गेलेच नव्हते. बहारीनमध्ये पाऊस वर्षातून दोन-चारदा येतो, आणि आला की त्याचं काय करायचं हे रस्त्यांना कळत नाही. मनामाच्या सूकमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, घोट्याएवढं पाणी साचलं, म्हणून मी समोर दिसलं त्या दुकानात शिरले आणि फोनवर अम्मीला म्हटलं, "पाऊस थांबला की निघते, भात तू टाक."

तो वळला. केस भिजलेले, शर्टाला कसलातरी धुराचा वास.

"कुठल्या तुम्ही?"

"नईमच्या. इथून जवळच."

"ते आत्ता. मूळच्या?"

"खेडच्या. आणि तुम्ही?"

"म्हसळ्याचा. मी नावेद." मग जराही न लाजता त्याने हातातला टॉवेल माझ्यापुढे धरला. "एक सांगा — हा जाड आहे, की नुसता फुगलेला?"

मी कड चिमटीत धरून बघितली. "नुसता फुगलेला. दोन धुण्यांत पोतेरं होईल. तो खालचा घ्या."

"असे पाच लागतील."

"घरी माणसं किती?"

"एकटाच."

"एकट्याला पाच टॉवेल?"

"मला नाहीत," तो म्हणाला. "ब्रिस्केटला."

मला वाटलं, मांजर पाळलं असेल. मग त्याने समजावून सांगितलं. ब्रिस्केट म्हणजे बीफचा छातीकडचा मोठा तुकडा, सगळ्यात चिवट. तो रात्रभर लाकडाच्या मंद धुरावर ठेवायचा. शिजला की कागदात गुंडाळायचा, कागदावर टॉवेल, आणि मग आईसबॉक्समध्ये.

"गरम मांस आईसबॉक्समध्ये?"

"पेटीला काय माहीत, आत गार आहे की गरम. तिचं काम आतलं आत ठेवणं."

"आणि लगेच खायचं नाही?"

"लगेच कापलं तर सगळा रस फळीवर वाहून जातो. चार तास गुंडाळून ठेवायचं. हळूहळू... मांस रात्रभरची आग विसरतं."

हे त्याने इतक्या मायेनं सांगितलं, की मला त्या मांसाचा हेवा वाटला. ओळख होऊन पाच मिनिटंसुद्धा झाली नव्हती. पुढे माझं काय होणार, हे मला तिथेच कळायला हवं होतं.

नावेद हिद्दच्या बंदरावर कामाला होता — फळं, मासे, औषधं घेऊन येणारे गार कंटेनर गारच राहतात की नाही, ते बघायला. माझं ऑफिसही हिद्दलाच. बोटीनं आलेल्या मालाचे कागद आम्ही सोडवायचो. म्हणजे दोघं रोज एकाच रस्त्यानं येत-जात होतो आणि भेटायला मात्र पाऊस पडावा लागला. मग करक चहा सुरू झाला. आधी आठवड्यातून एकदा, मग रोज. 'तुम्ही'चं 'तू' झालं. शनिवारी तो माझ्यासाठी डब्यात चरबीकडचे काप आणायचा, आणि मी खाताना माझ्याकडे असा बघायचा, की घास गिळायचं मी विसरायचे.

आठ महिने असे गेले. आठ महिन्यांत त्याने मला सगळं सांगितलं. लहानपणी वडील गेले ते, गनीचाचांनी शिकवलं ते, त्यांनीच व्हिसा काढून इकडे आणलं ते. फक्त जे सांगायला हवं होतं तेवढं सांगितलं नाही.

एका संध्याकाळी आम्ही समुद्राकडेला बसलो होतो. वारा होता. त्याचा हात माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होता... आणि त्याचा फोन किणकिणला. मांसात खुपसलेल्या थर्मामीटरचा निरोप आला होता.

"निघावं लागेल. आग मंदावली."

"जा. ती बोलावतेय."

"ती कोण?"

"तीच. जिच्यासाठी तू रात्रभर जागतोस."

तो हसला. "सबा, तू मांसावर जळतेस?"

"मी कशाला जळू? धूर तुझ्या घरी आहे." मग मीच विचारलं, "नावेद, मनातलं बोलायला तुला किती वेळ लागतो रे?"

त्याने गाडीची किल्ली उचलली. म्हणाला, "काही गोष्टी राहू द्याव्या लागतात." आणि गाडीकडे गेला.

डिसेंबरात अम्मीची मोठी बहीण, माझी अख्तरुन्निसाखाला, गावाहून महिनाभरासाठी आली. सोबत तिची मुलगी सुहा. सुहा दातांची डॉक्टर. रंग असा की विचारू नका, आवाज मऊ, आणि हसताना ओढणीचं टोक ओठांवर धरायची सवय. लहानपणापासून ईदला तिचा ड्रेस माझ्यापेक्षा चांगला निघतो. मला ती आवडते. पण लांबून.

कोकणी मंडळींच्या एका जेवणात नावेदनं आणलेलं ब्रिस्केट खालाने खाल्लं, आणि तिने मांस सोडून मुलगाच हेरला. गनीचाचा तिच्या ओळखीचे निघाले. ते कॉजवेच्या, म्हणजे समुद्रावरच्या पुलाच्या, पलीकडे, सौदीत, खोबरला राहतात. दोन फोन झाले, आणि शुक्रवारी बुदैयाला दिवसभरासाठी मजरा भाड्यानं घ्यायचं ठरलं. मजरा म्हणजे इथली शेतवाडी, खजुरांची झाडं, मध्ये दोन खोल्या नि ओटा.

गुरुवारी संध्याकाळी अम्मीनं कांदे चिरता चिरता मला सांगितलं, "गनीभाई सुहाला बघायला येतायत, नावेदसाठी. त्याला काही बोलू नकोस हां. त्याला फक्त मांस आणायला सांगितलंय."

माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. अम्मीला माझ्याबद्दल ठाऊक नव्हतं, कारण सांगण्यासारखं कुणी काही बोललंच नव्हतं. गनीचाचांचा शब्द नावेद खाली पडू देत नाही, हे मात्र मला चांगलं ठाऊक होतं. ते 'हो' म्हणाले, की खलास.

मी त्याला फोन करू शकले असते. केला नाही. मला बघायचं होतं — ती समोर आली की हा काय करतो.

शुक्रवारी नावेद आला तो वैतागलेला. उतरवताना आईसबॉक्सची कडी तुटली होती. पेटी ओट्यावर ठेवली, तरी झाकण बोटभर वर राहत होतं.

"यावर काहीतरी जड ठेवायला हवं," तो इकडे तिकडे बघत म्हणाला.

"मी आहे ना," मी म्हटलं आणि झाकणावर बसले.

"मी असं म्हटलं नव्हतं."

"पण शोधत होतास माझ्याच दिशेनं."

तो हसला आणि माझ्या मांडीशेजारी थर्मामीटरचा छोटा डबा ठेवला. त्याची वायर झाकणाच्या फटीतून आत गेली होती. "एकाहत्तर आहे. साठाच्या खाली जाऊ द्यायचं नाही. कुणी काही म्हणो, झाकण उघडायचं नाही. एकदा उघडलं की तासाभराची ऊब जाते."

"आणि इथला ओव्हन?"

"बघितला. एकतर बंद, नाहीतर भडका. त्याला मंद माहीतच नाही."

म्हणून मी बसून राहिले. अम्मी आत भाताचं बघत होती, खाला चटईवर दस्तरखान पसरत होती. आणि सुहा पिस्ता रंगाचा ड्रेस घालून, ओढणी सावरत, नावेदपाशी गेली. तो झाडाखाली दगडांवर पातेलं ठेवून सॉस गरम करत होता. ओट्यापासून ते ठिकाण इतकं जवळ होतं, की मला सगळं ऐकू येत होतं. लांब असतं तर बरं झालं असतं... किंवा नसतं झालं.

"इतका वेळ झाकून का ठेवतात?" सुहाने विचारलं.

"लगेच कापलं तर सगळा रस फळीवर वाहून जातो," नावेद म्हणाला. "चार तास गुंडाळून ठेवायचं. हळूहळू मांस रात्रभरची आग विसरतं."

शब्दन् शब्द तोच. आठ महिने मी ते वाक्य माझं समजत होते. ते तर जो विचारेल त्याला होतं. दुकानदारालाही त्याने ते ऐकवलं असेल. सुहाने ओढणी ओठांवर धरली, आणि माझ्या अंगाची लाही लाही झाली. खाली मांसाचा पारा उतरत होता, माझा चढत होता.

इतक्यात खालाचा फोन वाजला. गनीचाचा कॉजवेवर अडकले होते. गाड्यांची रांग हलत नव्हती, यायला दीड-दोन तास तरी.

"हरकत नाही भाईजान, सावकाश या," खाला गोड आवाजात म्हणाली. फोन ठेवल्यावर तिने पदर खोचला. "चला, तोवर मांस कापून मांडून ठेवू. वडीलमाणूस दारात आलं की दस्तरखान भरलेला दिसायला हवा. आलेल्या पाहुण्यासमोर सुऱ्या काय काढायच्या? सुहा, तू काप. सबा, ऊठ गो बाय."

खालाचंही चूक नव्हतं. आमच्या घरांत रीतच तशी. पाहुणा बसला नि ताट यायचं असलं, तर यजमानिणीची मान खाली जाते. भात, सागोती, काहीही असो, ते चालतं. पण ब्रिस्केट कापून दोन तास ठेवलं, तर चपलेचा तळ खाल्ला काय नि ते खाल्लं काय.

"नाही उठणार," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"कापलं की सुकतं. चाचा बसल्यावरच कापायचं."

"अगो, मी चार पोरींची लग्नं लावलीत. मला तू वाढायला शिकवतेस? ऊठ."

"खाला, मला ओढून उठवा. स्वतःहून नाही उठणार."

सुहा मऊ आवाजात म्हणाली, "सबा, अम्मी सांगतेय तर... आणि दमली असशील, मी बसते थोडा वेळ."

"तू राहू दे. तुझा ड्रेस चुरगळेल."

अम्मीनं स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे नीट बघितलं. खाला "ही पोरगी लहानपणापासून अशीच हट्टी" असं भिंतीला सांगत आत गेली. मी हललेच नाही. सुहानं ते मांस कापायचं, तिच्या हातचं म्हणून चाचांनी खायचं, आणि वाहवा करायची... मांस सुकणार म्हणून मी बसले होते हे खरं आहे. पण तेवढंच खरं नाही.

ऊन ओट्यावरून सरकलं. चाचांचा पत्ता नव्हता. डब्यावरचा आकडा अडुसष्ट झाला, पासष्ट झाला, मग त्रेसष्ट. मी नावेदला हाक मारली.

त्याने आकडा बघितला आणि तोंड बारीक केलं. "आता एकदा उघडावंच लागेल. उकळत्या पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून दोन्ही बाजूंना ठेवू. पण पटकन. मी उचलतो, तू घाल."

मी पाणी तापवून बाटल्या भरल्या. त्याने झाकण उचललं, आणि धुराचा, चरबीचा, मिरीचा असा वास वाफेसकट वर आला, की दोघंही क्षणभर थांबलो. मग मी एक बाटली डावीकडे सारली, एक उजवीकडे. टॉवेल दाबताना त्याचा हात माझ्या हातावर आला. तो काढायला त्याला जरा उशीर झाला. मग झाकण पडलं, आणि मी पुन्हा वर बसले.

"हुशार आहेस," तो म्हणाला.

"सुहाला सांग. ती छान विचारते. तू छान सांगतोस. तेच वाक्य, तसंच्या तसं."

"कुठलं वाक्य?"

"आग विसरण्याचं."

तो गोंधळला. "मांसाबद्दल विचारलं तिनं. मग मी काय सांगू?"

"काही सांगू नकोस. चाचाच सांगतील तुला. ते जेवायला येत नाहीयेत, नावेद. सुहाला बघायला येतायत. तुझ्यासाठी."

खरंच त्याला माहीत नव्हतं. त्याच्या कपाळावर घामाचे थेंब होते आणि हातातला टॉवेल तो उगाच पिळत होता.

"तू मला कालच का नाही सांगितलंस?"

"तू मला आठ महिने का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं... नीट, योग्य वेळ आली की. आधी चाचांना भेटून, मग तुझ्या अब्बांना विचारून..."

"नावेद, मांस चार तास राहतं. फार तर सहा. मग तेही बिघडतं. आणि मी मांस नाही रे. मला आत्ता वाईट वाटतंय. आत्ता. तिच्याशी तू दोन शब्द बोललास तरी माझा जीव जातोय."

तो काहीतरी बोलणार होता. फाटकाशी हॉर्न वाजला.

गनीचाचा उतरले ते घामाघूम, पोटावरून हात फिरवत. सलाम-दुवा झाला, हातपाय धुऊन ते दस्तरखानापाशी बसले. "आता बोलायचं नंतर. यल्ला, आधी जेवायला वाढा. त्या रांगेत मी स्टिअरिंग चावायचं बाकी ठेवलं होतं."

नावेद आला. मी उठले. आकडा अजून बासष्ट होता. त्याने मांस फळीवर काढलं, कागद उघडला, कागदात साचलेला रस वाटीत ओतून घेतला आणि धाग्यांच्या आडव्या दिशेनं सुरी चालवली. काप पडला तो ओलसर, चकचकीत, बोटावर धरला तर वाकणारा. त्यावर वाटीतला रस. पहिला काप चाचांना.

चाचांनी घास घेतला आणि चघळायचे थांबले. "सुभानल्ला. हे सकाळचं आहे? खरं वाटत नाही."

"सुहानंच बघितलं हो सगळं," खाला पटकन म्हणाली. "सकाळपासून पोर त्यालाच जपत बसलीय. घर असंच सांभाळील. मी म्हटलं ना फोनवर..."

सुहानं मान खाली घातली. ती 'नाही' म्हणाली नाही. नावेद सुरी धरून तसाच उभा होता. त्याचे ओठ उघडले, पुन्हा मिटले. मला वाटलं, झालं. हा आणखी चार तास थांबणार.

"सुहानं नाही," मी म्हटलं. "मी. दुपारभर मी त्या पेटीवर बसलेय. चाचा, विचारा कुणालाही. आणि आठ महिने..."

तिथे माझं धाडस संपलं. अम्मीच्या हातातला चमचा थांबला होता.

"आठ महिने काय बेटा?" चाचांनी विचारलं.

नावेदनं सुरी फळीवर ठेवली.

"चाचा, आठ महिने ती माझ्या बोलण्याची वाट बघतेय," तो म्हणाला. "चूक माझी आहे. मला लग्न करायचंय ते सबाशी. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, तेही राहिलं. तुम्ही रागवा, मी ऐकून घेईन. पण 'नाही' म्हणू नका."

चाचांनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग अम्मीकडे. "तुम्हाला ठाऊक होतं, हमीदाबाई?"

"मला वाटायचं, ऑफिसात हिला जादा काम असतं," अम्मी म्हणाली. "आज पेटीवर बसलेली बघितली तेव्हा कळलं. तिच्या अब्बांना खेडला फोन करायला हवा."

"करू. इंशाल्ला, आजच करू." चाचांनी ताट पुढे सरकवलं. "पण त्या आधी मला आणखी दोन काप वाढ रे. गाढवा, मांसाला इतकं जपतोस, आणि पोरीला उन्हात बसवतोस?"

खालाचा चेहरा उतरला. ती भात वाढायला लागली, जरा जोरातच. नावेदनं पुढचा काप कापला, चरबीकडचा, आणि सगळ्यांदेखत माझ्या तळहातावर ठेवला. गरम होता. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मी तो तोंडात घालणार, तेवढ्यात सुहा दिसली. ती माझ्या हाताकडे बघत होती. ओढणी ओठांवर नव्हती. ती नजर माझ्या चांगली ओळखीची होती. सकाळपासून मी तीच घेऊन बसले होते.

मी उठून तिच्याशेजारी बसले आणि तो काप तिच्या ताटात ठेवला. "खा. गरम आहे तोवर."

तिनं खाल्ला. हळूच म्हणाली, "फार मऊ झालंय गो." तिचे डोळे भरले होते, पण ती हसली, आणि मला तिच्याबद्दल मनापासून वाईट वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच.

"आणखी एक देतो," नावेद म्हणाला. त्याने छानसा काप सुरीवर घेतला आणि तिच्या ताटाकडे वाकला. सुहाचा हात ओढणीकडे गेला.

"सुरी इकडे दे," मी म्हटलं. "तिला मी वाढते."